२१२ नंबरचं कुलूप

हे खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण गेटच्या नोंदींचा छापील कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणाला बघायचा असेल तर खुशाल या. चहा-कॉफी देईन, कागद दाखवीन, पण मला समजावून सांगत बसू नका. ते काम मर्लचं करून झालंय.

मी डोरीन केसलर. अमेरिकेतल्या एरी शहरात, तलावापासून जेमतेम मैलभरावर, सामान ठेवायच्या खोल्या भाड्याने देणारी एक जागा आहे. तिथे मी चौदा वर्षं मॅनेजर आहे. मर्ल मालक. ही रात्रीबिरात्रीची गोष्ट नाही, कारण आमचं गेट संध्याकाळी सातला बंद होतं. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. यंदाच्या फेब्रुवारीत, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

ही वेळ लक्षात ठेवा.

आधी आमचा एक नियम सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खोली सोडायची तर भाडेकरूला तीन गोष्टी कराव्या लागतात. सामान काढायचं, जमीन झाडायची आणि स्वतःचं कुलूप काढून न्यायचं. कुलूप आमचं नसतं, त्याचं असतं. ते शटरवर लटकतंय तोवर खोली त्याचीच. आत काही असो नसो, भाडं चालू राहतं.

लोक सगळ्यात जास्त भांडतात ते या तिसऱ्या गोष्टीवरून. शिव्या मी ऐकल्यात, धमक्या ऐकल्यात. एकाने तर माझ्या काउंटरवर जुनी गादी आणून टाकली होती. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग बर्निस पावलक आली.

तशी ती आमची जुनी भाडेकरू. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं शाळेत झाडलोट केलेली बाई, पाठ अजून ताठ. नवरा गेल्यावर तिने त्याचं सगळं सामान २१२ मध्ये आणून ठेवलं होतं. लेनर्डचे बर्फावर मासे धरायचे गळ, त्याची घसरगाडी, बूट, लोकरीचे कोट. महिन्यातून एकदा यायची. शटर वर करायची, घडीची खुर्ची उघडून अर्धा तास त्या सामानासमोर बसायची आणि कुलूप लावून निघून जायची.

अशी अकरा वर्षं.

गेल्या तीस नोव्हेंबरला तिने खोली रिकामी केली. चर्चची माणसं गाडी घेऊन आली आणि सगळं घेऊन गेली. ती स्वतःचा झाडू बसमधून घेऊन आली होती म्हणे. माझी त्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी मी फेरी मारली तर २१२ वर तिचं कुलूप जिथल्या तिथे. कॉम्प्युटरने डिसेंबरचं भाडं लावलं. दहा तारखेला नियमाप्रमाणे मी तिच्या कुलपाशेजारी भाडं थकल्याचं आमचं लाल कुलूप अडकवलं. त्याच दिवशी तिचा गेट उघडायचा नंबरही बंद झाला. पत्र गेलं.

पत्र घेऊन ती ऑफिसात आली. काउंटरवर पेपरमिंटची एक गोळी ठेवली. भांडायला येतानाही ती माझ्यासाठी गोळी आणायची.

"अगं बाई, मी तीस नोव्हेंबरलाच गेले," ती म्हणाली. "हे पत्र कुणाला पाठवलंस?"

"मिसेस पावलक, तुमचं कुलूप अजून दारावर आहे."

"असणारच. दार उघडं टाकून जायची सवय नाही मला."

"मग किल्ली आणा. कुलूप काढलंत की लगेच नाव कमी करते."

"किल्ली तुलाच ठेवलीय ना."

"कुठे?"

"जिथे ठेवतात तिथे."

मी ड्रॉवर पाहिला. दारातली पत्रपेटी पाहिली. सुट्टीच्या दिवशी कुणाकडे दिली का तेही विचारलं. किल्ली कुठेच नव्हती. म्हातारीला आता आठवत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिला पुन्हा विचारलंच नाही. एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर हे सगळं तिथेच मिटलं असतं, हे आता कळून काय उपयोग...

एक रस्ता होता. कुलूप कापायचे पंचवीस डॉलर भरायचे आणि एका फॉर्मवर सही करायची. पैसे द्यायला ती तयार होती. पण फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'मी आज ही खोली सोडत आहे.' त्या 'आज'वर तिचं घोडं अडलं. ती म्हणायची, मी तीस नोव्हेंबरला सोडली, खोटं लिहून देणार नाही. मर्ल म्हणायचा, तारीख एकीची बदलली तर सगळे रांग लावतील. मध्ये मी.

मग ती रोज यायला लागली. चार वाजून पाच मिनिटांची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. बर्फातून चालत ती चार दहाला दारात हजर. गोळी काउंटरवर, आणि भांडण सुरू. डिसेंबर गेला, जानेवारी संपत आला. तिने पिच्छा सोडला नाही आणि मी नियम सोडला नाही.

शेवटच्या दिवशी ती भांडली नाही. हातमोजे काढून उभी राहिली.

"अकरा वर्षं मला जमलं नव्हतं, डोरीन," ती म्हणाली. "एकदाचं जमलं. सगळं दिलं, जमीन झाडली, दार लावलं. बसमध्ये रडले. आणि तू म्हणतेस मी सोडलंच नाही."

"मी नाही म्हणत," मी म्हटलं. "कुलूप म्हणतं."

मला वाटलं, काय झकास उत्तर दिलं.

तिने हातमोजे परत चढवले. मग काउंटरवरची गोळी उचलली, पर्समध्ये टाकली आणि निघून गेली.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी नुसतीच दुष्ट वाटेन. त्याच बोळात, सहा शटरं सोडून, २१९ ही माझी खोली आहे. तिच्यात माझ्या भावाचं दुकान आहे. रॉनी न्हावी होता. तो गेला तेव्हा त्याची खुर्ची, आरसा, बाटल्या, कात्र्या, सगळं उचलून मी तिथे ठेवलं. नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत मी ते शटर एकदाही वर केलेलं नाही. फेरी मारताना कुलूप ओढून बघते आणि पुढे जाते. बर्निसला जमलं होतं, मला जमत नव्हतं. तिच्यावर माझा राग बहुतेक त्याचाच होता.

त्यानंतर ती आली नाही. त्या आठवड्यात थंडीने कहर केला होता, बसही बंद होत्या. मी म्हटलं, बरं झालं, सुटले.

चार फेब्रुवारीला मी पडद्यावर सहज नजर टाकली. आमच्या गेटला आत येताना नंबर दाबावा लागतो आणि बाहेर पडतानाही. त्यामुळे आत किती माणसं आहेत ते पडद्यावर दिसतं.

आत: १.

नंबर २१२ चा. वेळ चार दहा.

मला वाटलं, मर्लने दया येऊन तिचा नंबर पुन्हा चालू केला. बरंच झालं. आता किल्ली सापडली असेल, आमचं लाल कुलूप काढून द्यायला मला बोलवेल. मी वाट पाहिली. साडेचार झाले. ती ऑफिसात आली नाही, बाहेरही पडली नाही. मी कोट चढवला आणि बघायला गेले.

आमच्या मधल्या इमारतीला खिडक्या नाहीत. बोळात आपोआप लागणारे दिवे आहेत. खाली कुणी हललं की लागतात, तीन मिनिटांनी विझतात. मी दार उघडलं तेव्हा माझ्या डोक्यावरचा दिवा लागला. पुढचा बोळ काळाकुट्ट होता.

फक्त टोकाकडे एक दिवा जळत होता.

२१२ च्या समोरचा.

"मिसेस पावलक?"



मी चालत गेले. माझ्याबरोबर एकेक दिवा लागत गेला. २१२ समोर कुणी नव्हतं. तिचं कुलूप जागेवर होतं, आमचं लाल कुलूप जागेवर होतं. मी परत वळले...

आणि शटरच्या आतून आवाज आला.

सर्र... सर्र...

थांबला. पुन्हा सर्र... सर्र...

हा आवाज कुणालाही ओळखता येईल. सिमेंटवर झाडू फिरत होता. सावकाश, कोपऱ्यापासून दाराकडे.

मी तिथून कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. ऑफिसात आले. मर्लला फोन केला. तो म्हणाला, नंबर चालू केलेला नाही, बंद नंबरला गेट उघडतच नाही. आवाज हीटरचा असेल म्हणाला. गेटचा कॅमेरा बघितला. चार दहाला गेट सरकताना दिसतं. सरकतं, थांबतं, परत लागतं. मध्ये फक्त बर्फ भुरभुरतोय.

मर्ल म्हणाला, थंडीत वायरी बिघडतात.

वायरी रोज चार दहालाच बिघडत होत्या. पाच तारखेला, सहाला, सातला. रोज आत. बाहेर कधीच नाही. संध्याकाळी सातला मी गेट बंद करायची तेव्हा पडद्यावर 'आत: १' तसंच असायचं. ते पुसायला मला मर्लचा पासवर्ड लागायचा. पुसताना दरवेळी मला वाटायचं, आपण कुणाला तरी आत कोंडून घरी चाललोय.

बारा तारखेला पोस्टमनने एक पाकीट परत आणून दिलं. भाडं थकलं की आम्ही खोलीतल्या सामानाचा लिलाव करतो, आणि त्याआधी भाडेकरूला रजिस्टर पत्र पाठवावं लागतं. मी ते एक तारखेला बर्निसला पाठवलं होतं.

पाकिटावर शिक्का होता. मृत.

मी तिच्या मुलीचा नंबर शोधला. ज्युडिथ, क्लीव्हलंडला असते. मी नाव सांगितलं, सामानाच्या खोल्यांचं सांगितलं. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "आईने ती खोली नोव्हेंबरमध्येच सोडली ना? दर फोनला तेच सांगायची."

मी विचारलं, कधी गेल्या.

"एकतीस जानेवारीला. दुपारी खुर्चीतच. अंगात कोट होता, मांडीवर पर्स, पायात बूट. कुठे निघाली होती कोण जाणे, बस तर बंद होती."

कुठे निघाली होती ते मला माहीत होतं. मी ज्युडिथला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि सगळ्या नोंदी छापून काढल्या. मी चार तारखेपासून बघत होते, त्याआधी पडद्याकडे माझं लक्षच नसायचं. नोंदी मात्र त्याआधीच्या होत्या.

पहिली नोंद एकतीस जानेवारीची होती. चार दहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्ल कटर घेऊन आला. कुलूप कापताना दोन माणसं लागतात, असा आमचा नियम आहे. वाटेत तो मला चिडवत होता, की आत एखादं मांजर निघालं तर ते तुलाच पाळावं लागेल. मी हसले नाही. त्याने आधी लाल कुलूप काढलं, मग तिचं कापलं. ठिणग्या उडाल्या, कुलूप खाली पडलं. त्याने शटर वर केलं.

खोली रिकामी होती.

नुसती रिकामी नाही. अडीच महिने बंद असलेल्या खोलीत धूळ बसते, कोळिष्टकं होतात. इथे काही नव्हतं. सिमेंटवर झाडूच्या रेघा होत्या, एकसारख्या, आताच झाडल्यासारख्या. त्या रेघांवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आणि बरोबर मध्ये, जमिनीवर, एक किल्ली होती. तिच्याखाली चिठ्ठी.

'खोली झाडली आहे. किल्ली ठेवली आहे. इतकी वर्षं सांभाळलंत, आभारी आहे. ब. पावलक, ३० नोव्हेंबर.'

मर्लने टोपी काढली. चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाला, "अगं, ती भाड्याचं घर सोडतात तशी सोडून गेली."

भाड्याचं घर सोडताना आपण सगळे तेच करतो. किल्ली स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायची आणि बाहेर पडून दार लावून घ्यायचं. मालकाकडे दुसरी किल्ली असते. तिने जन्मभर भाड्याची घरं सोडली होती, तशीच ही सोडली. किल्ली आत ठेवली, शटर ओढलं, आणि उघडं राहू नये म्हणून दाबलं की बसणारं ते गोल कुलूप दाबलं. दुसरी किल्ली माझ्याकडे असणारच, असं धरून. जिथे ठेवतात तिथे, असं ती सांगत होती, आणि ते शब्दशः खरं होतं. खोटं लिहून दे म्हणून दोन महिने मी तिच्या मागे लागले होते.

मी ऑफिसात आले आणि २१२ रिकामी म्हणून नोंद केली. कॉम्प्युटर म्हणाला, मागची तारीख घेता येत नाही. मर्लने स्वतःचा पासवर्ड टाकला. तारीख घातली, तीस नोव्हेंबर. सगळं येणं पुसलं.

तेव्हा चार बावीस झाले होते. पडदा हलला.

नंबर २१२, बाहेर.

आत: ०.

मर्लने ते पाहिलं. विचारा त्याला, तो आता वायरी म्हणेल, पण त्याने पाहिलं. तो गुपचूप घरी गेला. मी काउंटरवर डोकं टेकून रडले. म्हटलं, गेली बिचारी. सुटली.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी चार दहाला मी काउंटरमागेच होते. समोर एक जण पुठ्ठ्याची खोकी विकत घेत होता. मी पावती छापायला वळले आणि पडद्याकडे नजर गेली.

आत: १.

नंबर २१९ चा.

माझा.

मी इथे बसलेली, आणि माझा नंबर आत गेलेला. गिऱ्हाईक गेल्यावर मी बोळाच्या दारापर्यंत गेले. टोकाचा दिवा जळत होता. या वेळी २१२ समोरचा नाही, त्याच्या पुढचा.

सर्र... सर्र...

रोज तोच प्रकार सुरू झाला. मार्च लागला तरी चालूच. मी आवाज थांबेपर्यंत जायची नाही. थांबला की जायची, आणि माझ्या शटरखाली, फटीशी, एक छोटा नीटस ढीग असायचा. कुणीतरी आतून झाडून बाहेर लोटलेला. धूळ, आणि धुळीत केसांचे बारीक बारीक तुकडे. काळे, पांढरे, भुरे. रॉनीच्या दुकानातल्या जमिनीवर असायचे तसे.

मी ढीग सुपलीत भरायची. टाकवायचा नाही. कागदी पिशवीत घालून घरी न्यायची. अशा बावीस पिशव्या झाल्या.

आत कोण झाडत होतं, ते मला माहीत नाही. बर्निस असेल असं आधी वाटायचं. मला त्रास द्यायला आली, की माझ्याच्याने होत नाही ते करून द्यायला, हे कळायचं नाही. मग एक दिवस आठवलं, दुकान बंद करताना रॉनीही असंच झाडायचा. सावकाश, कोपऱ्यापासून दाराकडे. तेव्हापासून मला झोप नाही.

मर्ल म्हणाला, खोली उघड आणि बघ. मी म्हटलं, उद्या. रोज उद्या म्हटलं.

परवा चार दहाला नवी नोंद आली नाही, म्हणून मी निःश्वास सोडला. साडेचारला नोंद वर सरकवून पाहिली. माझा नंबर त्या दिवशी लवकर आत गेला होता, तीन वाजता. आणि चार बावीसला...

बाहेर.

आत: ०.

मी बोळात गेले. दिवे सगळे विझलेले होते. शटरखाली ढीग नव्हता. कान लावला. झाडूचा आवाज नव्हता, काहीच नव्हतं. फक्त माझं स्वतःचं 'हं' ऐकू आलं, आणि ते आतून परत आलं. भरलेल्या खोलीतून आवाज असा परत येत नाही. चौदा वर्षांत एवढं मला कळतं.

कुलूप जागेवर होतं. माझंच. मी पर्स उघडली, किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची किल्ली होती, गाडीची होती, ऑफिसची होती. २१९ ची नव्हती. नऊ वर्षं त्याच कडीत होती ती. कडी कुठे उघडलेली नव्हती.

मर्ल फोनवर म्हणाला, "नीट आठव. किल्ली कुठे ठेवलीस?"

'जिथे ठेवतात तिथे', असं तोंडाशी आलं आणि मी फोन ठेवला.

कटर ऑफिसात कपाटाशेजारी उभा आहे. दुसरा माणूस म्हणून मर्ल केव्हाही यायला तयार आहे. कुलूप कापलं की कळेल, आत रॉनीची खुर्ची आहे की नुसती झाडलेली जमीन आणि मध्ये एक किल्ली. कापलं नाही, तर कॉम्प्युटरच्या हिशेबाने खोली अजून माझीच आहे.

आता चार वाजून गेलेत. बस कोपऱ्यावर येऊन थांबली, कुणी उतरलं नाही. मी अजून काउंटरमागेच बसले आहे.